तांदळाचा डबा आणि भिजलेला फोन

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. आदल्या दिवशी घरोघर महालक्ष्म्यांचे पूजन झाले होते, पाहुण्यारावळ्यांची जेवणे आटोपून लोक उशिरा झोपले होते. मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळू लागला. अवघ्या चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाणी शहरावर पडले. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, धरमपेठ, शंकरनगर, सीताबर्डी अशा भागांत पाणी घरांत शिरले. तळमजल्यावर गाद्यांवर झोपलेल्या लोकांना जाग आली ती अंगाखालच्या ओलाव्याने. काही जणांचे प्राण गेले, हजारो घरांचे नुकसान झाले, लष्कराला आणि आपत्ती प्रतिसाद दलांना नावा घेऊन वस्त्यांत उतरावे लागले.

त्या पहाटे ज्या वस्तू पाण्यात गेल्या त्यांत फ्रिज होते, सोफे होते, मुलांची दप्तरे होती. आणि उशाशी, जमिनीवर, चार्जिंगला लावून ठेवलेले फोन होते. फ्रिज बुडाला तर पैशाचे नुकसान होते. फोन बुडाला तर मदत मागण्याचे साधन जाते. मुलाचा पुण्यातला नंबर, आजोबांच्या हृदयाच्या गोळ्यांची नावे, मधुमेहाच्या तपासण्यांचे अहवाल, बँकेचा ओटीपी हे सगळे आता त्या एका पातळ पेटीत असते. म्हणून पूर ओसरल्यावर घराघरांत पहिले काम सुरू झाले ते फोन वाळवण्याचे, आणि बहुतेकांचा हात आपसूक तांदळाच्या डब्याकडे गेला.

पूर रोज येत नाही, पण फोन रोज भिजतात. कुणाचा बादलीत पडतो, कुणाचा शौचालयात, कुणाचा धुळवडीच्या रंगात, कुणाच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये. पोह्यांवरची तर्री सांडूनही फोन जातो. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत काय केले आणि काय टाळले यावर फोनचे भवितव्य ठरते. काही वेळा माणसाचेही.

पाणी फोनला मारते कसे?

सर्वसाधारण समज असा की पाणी आत गेले की फोन ‘शॉर्ट’ होतो. हे अर्धेच खरे आहे. अगदी शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे. पण नळाच्या पाण्यात क्षार असतात, घामात मीठ असते आणि पुराच्या पाण्यात तर गटाराचे सगळेच असते. क्षार विरघळलेले पाणी वीज वाहून नेते. फोनच्या आतल्या पट्टीवर एकमेकींपासून केसाएवढ्या अंतरावर तांब्याच्या वाटा असतात. त्यांच्यामध्ये असे पाणी साचले की वीज नको त्या वाटेने जाते.

याहून मोठा शत्रू सावकाश काम करतो. फोनच्या बॅटरीचा दाब साधारण ३.७ ते ४.४ व्होल्ट असतो. पाण्याचे विद्युत विघटन सव्वा व्होल्टच्या आसपासही सुरू होऊ शकते. म्हणजे चालू फोनमध्ये पाणी शिरले की शाळेच्या प्रयोगशाळेतला विघटनाचा प्रयोग त्या पट्टीवर सुरू होतो. एका टोकाकडून धातूचे कण विरघळतात, दुसऱ्या टोकाशी जाऊन साचतात आणि झाडाच्या मुळ्यांसारखे बारीक धातुतंतू दोन वाटांमध्ये पूल बांधतात. हे काही मिनिटांतही घडू शकते. पुढे पाणी वाळले तरी मागे राहिलेले क्षार हवेतला ओलावा ओढत राहतात आणि गंज चालूच राहतो. ‘भिजल्यावर चार दिवस छान चालला आणि पाचव्या दिवशी बंद पडला’ ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीची आहे, तिचे कारण हे.

यातून पहिला धडा निघतो. घातक जोडी पाणी आणि वीज यांची आहे. पाणी लगेच बाहेर काढणे आपल्या हातात नसते. वीज बंद करणे असते. म्हणून भिजलेला फोन आधी बंद करायचा. ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबणे हा सगळ्यात महाग पडणारा मोह आहे.

तांदूळ पाणी का ओढत नाही?

मिठाच्या डबीत तांदळाचे चार दाणे टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पावसाळ्यात मीठ मोकळे राहावे म्हणून. त्याच अनुभवातून, आणि भंडारा-गोंदियाच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरकरांच्या घरात तांदूळ कायमच हाताशी असल्याने, फोनही त्यात पुरला जातो. पण मिठावरचा हवेतला ओलावा आणि फोनच्या पोटातले पाण्याचे थेंब यांत फरक आहे.

तांदूळ पाणी शोषतो हे खरे, पण दाणा पाण्याला टेकला तर. फोनच्या आत चिपच्या खाली, पट्ट्यांच्या फटीत अडकलेल्या पाण्यापर्यंत दाणा पोचत नाही. ते पाणी केशाकर्षणाने घट्ट धरून ठेवलेले असते. दोन काचपट्ट्यांमध्ये पाणी अडकते आणि झटकूनही पडत नाही, तसे. ते बाहेर पडण्याचा एकच मार्ग असतो. आधी त्याची वाफ व्हायला हवी, मग ती वाफ फटींतून बाहेरच्या हवेत यायला हवी.

त्या वाफेला तांदूळ किती ओढेल? साठवणीच्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के पाणी असते. पावसाळ्यात उघड्या-झाकल्या डब्यातला तांदूळ हवेशी जुळवून घेऊन बसलेला असतो, त्यात नव्या ओलाव्याला फारशी जागा नसते. शिवाय डब्यातली हवा थांबलेली असते. फोनभोवती दमट हवेचे पांघरूण तयार होते आणि वाळणे आणखी मंदावते. ओले कपडे दोरीवर टाकण्याऐवजी कुणी धान्याच्या कोठीत पुरून ठेवले तर काय होईल, याची कल्पना केली की पुरे.

नुकसानही होते. तांदळाला बारीक पीठ लागलेले असते. ते ओल्या चार्जिंग पोर्टमध्ये जाऊन खळ बनते. तुकडा कणी अडकली तर ती काढायला लोक टाचणी घालतात आणि आतल्या बारीक पिना वाकवतात. ॲपल कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सूचनांत स्पष्टच म्हटले की फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, त्याचे बारीक कण फोनला इजा करू शकतात. त्याआधी अमेरिकेत जुने फोन विकत घेणाऱ्या गझेल या कंपनीने ओले स्पंज वेगवेगळ्या पदार्थांत ठेवून पाहिले होते. त्यात कच्चा तांदूळ सर्वांत मागे पडला. नुसता उघड्यावर ठेवलेला स्पंज त्याहून जास्त वाळला.

मग शेजाऱ्यांचा फोन कसा वाचला?

हा प्रश्न हमखास येतो. ‘आमच्या वहिनींचा फोन तांदळात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चालू झाला.’ तो झाला असेलच. पण तो तांदळामुळे झाला का?

डॉक्टरांना हा युक्तिवाद ओळखीचा आहे. साधी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात कुणी गळ्यात काविळीची माळ घातली असेल, कुणी मंत्र घेतला असेल, तर श्रेय त्याला मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. ज्यांची कावीळ उतरली नाही, ते सांगायला येत नाहीत. औषधाची परीक्षा घेताना म्हणूनच ते न दिलेला दुसरा गट ठेवावा लागतो. फोनचेही तसेच आहे. तांदळात ठेवलेला फोन तिथे २४ तास बंद पडून राहतो. त्याला कुणी चार्ज करत नाही, कुणी बटण दाबत नाही. त्या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग होतो. तांदूळ फक्त आपले हात दूर ठेवतो. हेच काम कपाटाचा रिकामा कप्पाही करू शकतो, आणि वाहती हवा मिळाली तर अधिक चांगले होते.

नागपूरची हवा आणि वाळण्याचे गणित

पाणी किती लवकर उडेल हे हवेत अजून किती वाफ मावते यावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्के असली तर त्यातली २४ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते, उरतात जेमतेम ६ ग्रॅम. तेच मे महिन्याच्या दुपारी, ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना, त्याच घनमीटरमध्ये आणखी सुमारे ४५ ग्रॅम वाफ मावू शकते. म्हणजे सातपटीहून अधिक. उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेले पापड-कुरडया दिवसात कडकडीत होतात आणि श्रावणात टॉवेल तीन दिवस ओला राहतो, त्याचे गणित हेच.

मग उन्हाळ्यात फोन गच्चीवर उन्हात ठेवावा का? मुळीच नाही. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. हे सावलीतले, हवेचे तापमान. उन्हातल्या काळ्या काचेचे तापमान त्याहून कितीतरी जास्त होते. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी आणि ४५ अंशांपर्यंत बंद ठेवण्यासाठी बनवलेले असतात. त्यापुढे बॅटरीचे आयुष्य घटते, ती फुगू शकते, काच धरून ठेवणारा डिंक मऊ होतो आणि उरलेसुरले पाणी आत जायला वाट मिळते. हेअर ड्रायर, तवा, ओव्हन, इस्त्री यांचेही तेच. हेअर ड्रायरची जोरदार हवा तर पाण्याला आणखी आत ढकलते. तोंडाने फुंकणेही नको. आपला श्वास वाफेने भरलेला असतो.

या शहरातली आणखी एक खास चूक म्हणजे भिजलेला फोन कूलरसमोर ठेवणे. वारा चांगला लागतो म्हणून. पण कूलरची हवा थंड होते ती ओल्या ताट्यांमधून जाताना पाणी उचलूनच. ती हवा आधीच दमट असते. फोनला साध्या पंख्याची हवा द्यावी. घरात एसी असेल तर ती खोली उत्तम, कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो.

बुटांच्या खोक्यात, नव्या पिशवीत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा खूप सरस आहेत. चांगले कोरडे सिलिका जेल दमट हवेत आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरू शकते. अडचण अशी की महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये उघड्या पडलेल्या पुड्या आधीच भरलेल्या असतात. हवाबंद डब्यात, न उघडलेल्या, भरपूर पुड्या असतील तरच पंख्यानंतरचा उपाय म्हणून त्यांचा उपयोग. आणि पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये. साधे सिलिका जेल फारसे विषारी नसले तरी गिळताना घशात अडकू शकते. निळ्या रंगाचे, ओले झाल्यावर गुलाबी होणारे मणी असतील तर त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे.

पहिली दहा मिनिटे

आता क्रमाने. फोन चार्जरला लावलेला असताना पाण्यात पडला असेल तर त्याला हात लावण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करावे. बटणाचा बोर्डच ओला असेल, घरात पाणी साचले असेल, तर मेन स्विच बंद करावा. तोही कोरड्या जागी उभे राहून पोचता येत असेल तरच. तसे जमत नसेल तर फोन जाऊ द्यावा आणि वीज कंपनीला कळवावे. फोन दुसरा मिळतो.

मग फोन बाहेर काढून बंद करावा. कव्हर काढावे, सिम आणि मेमरी कार्डाचा ट्रे बाहेर काढावा, जुन्या पद्धतीचा फोन असेल तर बॅटरी काढावी. जुन्या मऊ सुती कापडाने बाहेरचे पाणी टिपावे. चार्जिंगचे तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटावा, म्हणजे पोर्टमधले पाणी गळेल. जोराने झटकू नये, त्याने पाणी नव्या जागी जाते. पोर्टमध्ये कापूस, काडी, टिश्यू काही घालू नये. नंतर फोन पोर्ट खाली येईल असा टेकवून उभा, पंख्याखाली ठेवावा.

किती वेळ? पाणी-प्रतिबंधक फोनचे फक्त पोर्ट ओले झाले असेल तर अर्ध्या तासाने पाहता येते, पण पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. तोवर तार लावू नये. साधा फोन पूर्ण बुडाला असेल तर निदान २४ ते ४८ तास धीर धरावा, पावसाळ्यात त्याहून अधिक. आणि त्यात महत्त्वाची माहिती असेल तर वाट पाहत बसण्यापेक्षा न सुरू करता लवकर चांगल्या दुरुस्ती-कारागिराकडे न्यावा.

कारागीर फोन उघडून पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. हे अल्कोहोल पाण्यात मिसळते, फटींतले पाणी आपल्यासोबत घेऊन पटकन उडून जाते. अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर त्याच्या सूक्ष्म कंपनांनी चिपखालचे क्षारही सुटतात. काही ठिकाणी निर्वात पेटी वापरतात. हवेचा दाब नेहमीच्या सुमारे ३ टक्क्यांवर आणला की पाणी २५ अंशांनाच उकळते. म्हणजे फोन न तापवता त्यातले पाणी उकळून काढता येते. घरचा कोणताही डबा यातले काही करू शकत नाही. पुराच्या, गटाराच्या किंवा साखरेच्या-मिठाच्या पाण्यात पडलेल्या फोनला ही धुलाई लागतेच, कारण तिथे पाणी उडून गेल्यावरही घाण मागे राहते.

‘वॉटरप्रूफ’चा भरवसा

‘माझा फोन आयपी ६८ आहे, त्याला काय होतंय?’ असे म्हणणाऱ्यांनी त्या आकड्यांचा अर्थ लक्षात घ्यावा. पहिला ६ धुळीपासूनच्या संरक्षणाचा. दुसरा आकडा पाण्याचा. तो ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, ८ असेल तर कंपनीने ठरवलेल्या त्याहून कडक अटींत फोन तग धरतो. ही चाचणी कोऱ्या करकरीत फोनवर, स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात होते. दोन वर्षे वापरलेला, चारदा पडलेला, एकदा स्क्रीन बदललेला फोन तोच राहत नाही. रबरी कडा झिजतात, डिंक सुटतो. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण कमी असल्याने ते साध्या पाण्यापेक्षा सहज फटीत शिरते. गरम पाण्याची वाफ त्याहून सहज. बहुतेक कंपन्या पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. सिमच्या ट्रेजवळ आत एक छोटी पांढरी खूण असते, पाणी लागले की ती लाल होते आणि दुकानदाराला सगळे कळते.

फोनपेक्षा मोठी जोखीम

इथवरची चर्चा यंत्राची झाली. आता माणसाची.

ओल्या फोनला चार्जर लावणे ही यातली सर्वांत धोकादायक कृती आहे. चांगला चार्जर भिंतीतल्या २३० व्होल्टला आतल्या आत वेगळे ठेवून फोनला थोडाच दाब देतो. हलक्या, बनावट चार्जरमध्ये हे विलगीकरण कच्चे असते. त्यात हात ओला, फरशी ओली आणि पाय अनवाणी. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते, ओल्या त्वचेचा विरोध कित्येक पटींनी घटतो. एरवी जो झटका नुसता हात मागे घ्यायला लावतो, तोच ओल्या हातातून हृदयाची लय बिघडवू शकतो. नागपूरकरांना हे कूलरच्या झटक्यांवरून चांगले ठाऊक आहे. तोच नियम इथे आहे.

दुसरी जोखीम बॅटरीची. पाणी शिरलेली लिथियम-आयन बॅटरी लगेच नव्हे तर काही दिवसांनीही बिघडू शकते. फोनची पाठ उचललेली दिसणे, चार्ज न करताही फोन गरम लागणे, गोडसर रासायनिक वास, फुसफुस असा आवाज, ही चिन्हे दिसली की फोन वापरणे थांबवावे. तो उघड्यावर, फरशीवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. भिजून वाचलेला फोन पुढचे काही दिवस उशाखाली किंवा रात्रभर चार्जिंगला ठेवू नये. बॅटरी पेटलीच तर धुरापासून आधी दूर जावे, त्यात फुप्फुसाला इजा करणारे वायू असतात. ही बॅटरी घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

भाजले तर जखमेवर वीस मिनिटे नळाचे वाहते, साधे थंड पाणी सोडावे. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालय गाठावे. विजेचा झटका बसलेल्या माणसाला वीज बंद केल्याशिवाय स्पर्श करू नये. तो शुद्धीवर असला, बाहेरून छोटासा डाग दिसत असला तरी आतून स्नायू आणि हृदयावर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून ईसीजी काढून घ्यावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करून १०८ वर फोन करावा.

तिसरी गोष्ट अस्वच्छतेची. पुराच्या पाण्यात मलमूत्र मिसळलेले असते. त्यातून जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरतात, आणि पायाला जखम असेल तर उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्या पाण्यातून काढलेला फोन आपण गालाला लावतो, जेवताना हाताळतो, रडणाऱ्या बाळाच्या हाती देतो. फोन बंद असताना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने तो बाहेरून पुसावा, पोर्टमध्ये द्रव जाऊ देऊ नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पुराच्या पाण्यातून चालल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यातून गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे.

कागदाची एक वही

फोन सुरू झालाच, तर जिंकल्याच्या आनंदात पुन्हा व्हिडिओ पाहत बसू नये. पहिले काम म्हणजे फोटो, नंबर, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे. गंजाची घड्याळे कदाचित आतून टिकटिकत असतात.

आणि फोन सुरू नाही झाला, तर? २३ सप्टेंबरच्या त्या पहाटे कित्येकांच्या लक्षात आले की आपल्याला स्वतःच्या मुलाचाही नंबर तोंडपाठ नाही. ज्यांच्या घरी मधुमेहाचे, रक्तदाबाचे, किडनीचे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची राहत नाही. इन्सुलिनचे नाव आणि मात्रा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हे पूरग्रस्तांच्या छावणीत डॉक्टर विचारतात तेव्हा ‘ते सगळं फोनमध्ये होतं’ या उत्तराचा उपयोग होत नाही.

म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक घराने एक छोटी वही करावी. त्यात जवळच्या पाच जणांचे नंबर, घरातल्या प्रत्येकाची औषधे आणि मात्रा, ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव, १०८ आणि ११२ हे क्रमांक. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, देवघराशेजारी किंवा दाराच्या खिळ्याला टांगावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री फोन आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा.

तांदूळ मात्र भातासाठी ठेवावा. पूर ओसरल्यावर घर साफ करून दमलेल्या माणसांना त्याची जास्त गरज असते.